व्हिक्टोरिया डॉक मॉडेल: रूळ फरशीत बसले

मंडळी, तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर माझ्या मुंबईच्या गोदीच्या मॉडेलमधले मालडबे धक्क्यापर्यंत पोचले.

बंदरातले रूळ खडीवर उघडे नसतात, फरसबंदीत बुजलेले असतात. त्याच वाटेने बैलगाड्या, हातगाड्या जायच्या ना! म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंनी वॉलपुट्टी भरली. पण आतल्या बाजूने ती रुळाच्या माथ्यापर्यंत आली, चाकाच्या कडेला जागाच उरली नाही आणि पहिलाच डबा घसरला. मग करवतीच्या पात्याचा तुकडा रुळाला टेकवून खाच कोरत बसलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आता चारचाकी डबे न अडखळता जातात. 1:87 प्रमाणात आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 19.26 मिलिमीटर हवा, माझा रूळ 16.5 चा आहे. फरशीत बुजल्यावर ते डोळ्याला खुपत नाही.

बडोद्यात बसून मुंबईची गोदी का, असं बरेच जण विचारतात. कारण रुईची गाठ. 1862 मध्ये डभोई-मियागाम मार्गावर अडीच फुटी रुळांवरून बैल डबे ओढायचे, 1873 पासून इंजिनं आली. मियागामला माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भरायचा, की पुढे बीबीसीआयने (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) थेट मुंबई. तिथे प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया 1888 चा, अलेक्झांड्रा 1914 चा. 1915 मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि बीबीसीआय, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दोन्हींचे डबे तिच्यावरून गोदीत येऊ लागले. आमच्या भागातल्या गाठीचा तो शेवटचा टप्पा मला हाताने बांधायचा आहे.

गाठींसाठी आधी गोणपाट वापरून पाहिलं, पण वीण फार जाड दिसते. शेवटी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा चहात बुडवून वाळवला. लाकडाच्या 14 मिलिमीटर लांब ठोकळ्यांवर तो चिकटवला आणि पट्ट्यांच्या जागी जळक्या मोटरमधली तांब्याची बारीक तार आवळली. चाळीस झाल्या आहेत, एक डबा जेमतेम भरतो.

14 एप्रिल 1944 चा स्फोट दाखव, असं दोघांनी सुचवलं. फोर्ट स्टिकिन हे जहाज याच व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. कराचीहून भरलेल्या कापसाला आग लागली आणि त्याच जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले बंबवालेही होते. ते दृश्य मी करणार नाही. माझं मॉडेल 1938 सालचं: गोदामं शाबूत, धक्क्यावर माल चढतोय.

पुढच्या आठवड्यात क्रेनचा सांगाडा घेतोय. तिच्या पायांमधून डबा जायला हवा, म्हणून आधी पुठ्ठ्याची करून बघेन.