भोकाचा पैसा

"हा कुणाच्या कमरेचा गं?"

आज्जीनं स्टॉलवरच्या मुलीला थेट हेच विचारलं. मुलगी गोंधळली. "आज्जी, हा नेकलेस आहे."

काळा दोरा, बैलाच्या घुंगूरमाळेतली पितळी घुंगरं आणि मधोमध पदक म्हणून भोकाचा पैसा. १९४४ चा. युद्धात धातू वाचवायला इंग्रज सरकारनं काढलेला, तोच.

आज्जीनं चष्मा वर सारला आणि पैसा नखानं फिरवला. भोकाची कड एकाच बाजूला गुळगुळीत झिजली होती. "हे बघ, दोरा घासलाय. पोराच्या करदोट्यात होता हा. आमच्या धाकट्याच्या कमरेला अस्साच होता."

मुलीच्या हाताला कला होती, खोटं कशाला बोलू? घुंगरं मोडवाल्याकडून किलोवर आणलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली. गाठी तिनंच मारलेल्या. बाराशे रुपये मला तरी जास्त वाटले नाहीत. (आज्जीला वाटले. तिनं तोंडावर सांगितलंही.) सोबतच्या कार्डावर छापलं होतं, 'गावाकडची आठवण'. कुणाची, ते नव्हतं.

घेतला मी. संध्याकाळपासून गळ्यात आहे, कॉटनच्या साडीवर उठून दिसतोय. पण बोट सारखं त्या झिजलेल्या कडेवर जातंय. ते पोर आता ऐंशीच्या घरात असेल, असलं तर.

मघाशी आज्जीला विचारलं, "तुमच्या धाकट्याचा पैसा कुठाय?"

"मोडीत गेला असंल की. कोण ठेवतंय?"

तुमच्याकडं कुणी ठेवलाय का?