डेमलो: नऊ एकांचा वर्ग

डहाणूत १९०५ साली जन्मलेले गणिती द. रा. कापरेकर म्हटले की लोकांना ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ आठवतो. १२१, १२३२१ अशा, नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या त्यांच्या डेमलो संख्या मात्र मागे राहिल्या. ज्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना त्यांना सुचली त्याचे नाव तेव्हा डेमलो, म्हणजे आपले डोंबिवली.

त्यांतली सगळ्यात देखणी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१. पावसात लाइट गेली तरी चौकटीच्या वहीत हा गुणाकार होतो. नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांतले एक मोजा. उजव्या टोकाला १, मग २, ३, असे मधोमध ९ आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून ही कमान जमते.

दहा एक घेतलेत की ती मोडते. मधल्या रकान्यात १० होतात: शून्य मांडून हातचा १ शेजारच्या ९ कडे, तिथेही १० होऊन शून्य, पुढचा हातचा ८ वर बसून त्याचे ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला ८ गायब!

नऊ एकांच्या वर्गाचे सतरा अंक. जुन्या मोजणीत सर्वांत डावा १ ‘मध्य’ या स्थानी येतो, त्याच्या पुढचे स्थान परार्ध. ३ बसतो ‘जलधी’वर, किनाऱ्यावरच्यांना हे नाव लक्षात ठेवायला जड जाऊ नये.

आता अवयव. १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, आणि शेवटची मूळ संख्या आहे. वर्गात ३ चा घात ४, बाकी दोघांचा २. म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ ने भागही जातो, पण तो बेरजेमुळे नव्हे. मुळातच ९ आहे म्हणून. ९९८१ ची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर १८ उरतात.

उतरवून घेताना ५४ चे ४५ झाले तर नवाची कसोटी गप्प बसते, कारण बेरीज तीच राहते. अकराची लावा. विषम स्थानांची बेरीज ४१, सम स्थानांची ४०, बाकी १ हवी. अदलाबदल झाली तर ४० वजा ४१, म्हणजे उणे १, त्यात ११ मिळवून १० येते.

एक्सेलवर मात्र विसंबू नका. ते पंधरा अंकच सांभाळते आणि शेवटी शून्ये भरून १२३४५६७८९८७६५४३०० दाखवते. पायथन या संगणकभाषेत पूर्णांक पुरा राहतो. एक्सेलच्या उत्तराची बेरीज ७८, म्हणजे नवाने भागून ६ उरतात. ही चूक पकडायला अकरापर्यंत जावेच लागत नाही.