मग पक्ष सोडत का नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. ‘इतके पटत नाही, तर भाजप सोडत का नाही?’ हा प्रश्न खानापुरातले समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, जुने मित्र विचारतात, बेळगावातले काँग्रेसवाले विचारतात, आणि हल्ली आमच्याच पक्षातली मुलेही तोंडावर विचारू लागली आहेत. मराठी माणसाने या पक्षात जावेच कशाला, हा समितीचा वाद मी इथे उकरत नाही. वाजपेयींची भाषणे ऐकून आलेला माझ्यासारखा माणूस आणि ‘यात्रेत हिंदूंचीच दुकाने’ म्हणणारा पोरगा एकाच बूथवर कसे बसतात, एवढेच सांगायचे आहे.

2022 च्या एप्रिलमध्ये धारवाडजवळ नुग्गीकेरीच्या मारुती मंदिरापाशी एका मुसलमान विक्रेत्याची कलिंगडे फोडली गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गावच्या देवीच्या यात्रेची बैठक होती. मुलांनी फलक छापूनच आणला होता. देवस्थानची जागा अहिंदूंना भाड्याने देऊ नये, हा 2002 चा नियम त्यांच्या मोबाइलवर तयार होता. मी म्हटले, हा नियम मुजराई खात्याकडच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याकडच्या, देवळांसाठी आहे, आपले देऊळ गावकीचे आहे, शिवाय नियम झाला तेव्हा सरकार काँग्रेसचे होते. त्यावर एकाने शांतपणे विचारले, ‘काका, म्हणजे काँग्रेसला जमले तेही आपल्याला जमू नये?’ सगळे हसले. हिंदू-मुसलमानांनी एका आईच्या लेकरांसारखे राहावे, असे आमचे माजी मुख्यमंत्री येडियुराप्पाच म्हणाले आहेत, हे सांगून पाहिले. ते आता मुख्यमंत्री नाहीत, एवढेच उत्तर आले. तिथूनच तालुक्यातल्या एका पदाधिकाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, ‘निवडणूक वर्षावर आली आहे, पोरांना दुखवू नका.’

अखेर तोड मीच काढली. मणेरांचे, म्हणजे आमच्याकडच्या मुसलमान कासारांचे, बांगड्यांचे पाल देवळाच्या पटांगणात न लावता रस्त्यापलीकडे माझ्या चुलतभावाच्या खळ्यात लावायचे ठरले. फलक लागला नाही, मारामारी झाली नाही, ओटी भरायला आलेल्या बायका रस्ता ओलांडून बांगड्या भरून गेल्या. पण देवीचा चुडा ज्या घरातून येतो, त्या घराला त्या वर्षी पहिल्यांदाच जागेचे भाडे द्यावे लागले आणि ते माझ्या भावाने मोजून घेतले. पुढच्या यात्रेला येणार ना, असे विचारल्यावर म्हातारा मणेर म्हणाला, ‘जागा कुणाची असेल ते बघू.’ मुलांनी मला समितीचा माणूस ठरवून टाकले. मवाळपणा म्हणजे प्रत्यक्षात काय असतो, ते तुम्हांला यावरून कळेल. त्यापेक्षा अधिक त्या बैठकीत कुणाला साधले असते, असे मला आजही वाटत नाही.

नव्वदच्या दशकातला मी म्हणत असे की कडवी माणसे सभा भरवतात आणि राज्य मवाळ माणसे चालवतात, तेव्हा काळजीचे कारण नाही. सभा भरवणाऱ्यांनी कधी उमेदवारी मागितली तर काय, हे त्याला सुचले नव्हते. पण कडव्यांच्या बाजूनेही मला निरुत्तर करणारा एक मुद्दा आहे. ज्या मवाळ नेतृत्वाची मी बाजू घेतो, ते लिंगायत मठांच्या आणि मतांच्या आधारावर उभे राहिलेले. आम्हां मराठी कार्यकर्त्यांकडे त्याचे लक्ष गेले ते नोव्हेंबर 2020 मध्ये मराठ्यांसाठी 50 कोटींचे महामंडळ जाहीर करण्यापुरते, आणि त्यावरही कन्नड संघटनांनी बंद पुकारला. कडव्या मुलांना असले महामंडळ लागले नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत कन्नड पोरगा आमच्या पोराच्या खांद्यावर हात टाकून ‘जय भवानी’ म्हणतो. ज्यांचे मला पटत नाही, त्यांनीच मला या पक्षात परके वाटू दिले नाही. समितीवाल्यांना हे ऐकवत नाही, आणि मलाही सांगताना बरे वाटत नाही.

अनंतकुमार हेगडे यांचा दाखला मला दोन्हीकडून दिला जातो. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यातला, पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, म्हणून 2024 पर्यंत ते आमचे खासदार होते. 2017 मध्ये केंद्रात मंत्री असताना ते राज्यघटना बदलण्याची भाषा बोलले, नंतर लोकसभेत दिलगिरीही व्यक्त केली. तरी 2019 मध्ये त्यांना तिकीट मिळाले आणि पावणेपाच लाखांहून अधिक मताधिक्य मिळाले. 2024 च्या मार्चमध्ये ते घटनादुरुस्तीसाठी चारशे जागा मागू लागले, तेव्हा पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत ठरवले आणि तिकीट विश्वेश्वर हेगडे कागेरींना दिले. ‘बघा, तुमचे मवाळ जिंकले,’ असे मित्र म्हणतात. मला तर यात मतांचा हिशेब दिसतो. विजापूरचे आमचे कडवे आमदार बसनगौडा यत्नाळ यांना मार्च 2025 मध्ये सहा वर्षांसाठी काढले तेही शिस्तभंगावरून. मुसलमानांबद्दल ते इतकी वर्षे जे बोलत आले, ते पक्षाला चालतच होते.

माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर आणि माजी उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी 2023 मध्ये पक्ष सोडून गेले ते तिकीट नाकारल्यामुळे, आणि शेट्टर तर नऊ महिन्यांत परतले. मला तिकीट कुणी देत नाही आणि नाकारतही नाही. मी गेलो तर बैठकीत मुजराईचा नियम समजावून सांगणारा एक माणूस कमी होईल. तो असल्याने किती फरक पडतो, हे वर लिहिलेच आहे. कागेरींच्या प्रचाराला मी त्याच मुलांबरोबर गावोगाव फिरलो, आणि पुढच्या निवडणुकीलाही बहुधा फिरेन.