पेडल तळाला टेकलं, त्यानंतरचे तीन महिने

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणाऱ्या माझ्या गाडीत आम्ही चौघं होतो. मागे तंबू आणि पाण्याचे कॅन, टपावर जादा चाक. उतार साधारण एक हजार मीटरचा. निम्मा घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं होतं, पण पाय रोवून दाबलं तरी गाडी आवरत नव्हती. रुंद जागा दिसली तिथे थांबलो, दहा मिनिटं ब्रेक गार होऊ दिले आणि निघालो. पहिल्याच वळणावर पेडल थेट तळाला टेकलं. भराभर तीन-चार वेळा पंप केल्यावर थोडा जोर परत आला. तेवढ्यात दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या अंगाला लावली. मागे माझी मुलगी झोपलेली होती, तिची झोपही मोडली नाही. मी उतरून चाकांना दगड लावले तेव्हा माझे हात थरथरत होते.

मागून आलेल्या एकाने ब्रेकच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर) पाणी ओतायला सांगितलं. ते मी केलं नाही, तुम्हीही करू नका. लालबुंद तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकते किंवा तडकते. तासाभराने पेडल जसंच्या तसं परत आलं. मग घाट संपेपर्यंत पहिला गिअर सोडला नाही.

त्या एका उतारात दोन वेगवेगळे बिघाड झाले होते, हे मला नंतर उमगलं. पेडल कडक राहून गाडी न थांबणं म्हणजे पॅडचा (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या तुकड्यांचा) फेड. अति तापल्यावर पॅडमधल्या मसाल्याची पकड सुटते. पेडल मऊ होऊन खाली जाणं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. आणि हे नेमकं थांबल्यावर घडलं, त्याचंही कारण आहे. गाडी चालू असते तोवर वारा डिस्क गार करत असतो. उभी राहिली की डिस्कमधली उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या पकडीत) आणि तिथून ऑइलमध्ये शिरते. म्हणजे मी विश्रांती म्हणून घेतलेली दहा मिनिटंच ऑइलला सगळ्यात जड गेली.

घरी येऊन हिशेब मांडला. भरलेली गाडी अडीच टनांची. ताशी १०० किलोमीटर वेगावरून ती एकदा पूर्ण थांबवायला ब्रेकला सुमारे साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी एक हजार मीटर खाली आणायची तर सुमारे अडीच कोटी ज्यूल. म्हणजे शंभरच्या वेगावरून पंचवीस वेळा कचकचून थांबवल्याएवढं काम. त्यातला काही वाटा इंजिन, हवा आणि टायर उचलतात, बाकीचा ब्रेकवर येतो. हा आकडा पाहून मी सरळ मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर शोधायला लागलो होतो.

माझ्या धाकट्या भावाने अडवलं. म्हणाला, "दादा, आधी बघ तरी, आहेत ते सगळे ब्रेक काम करताहेत का?" त्याच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता. एका छोट्या उतारावर मुद्दाम गाडी नेली आणि खाली पोचल्याबरोबर चारही चाकं मोजली. पुढची डावी डिस्क ४१० अंश, उजवी ३४०, मागचे दोन्ही ड्रम (मागच्या चाकांचे डबीसारखे बंद ब्रेक) शंभरच्या आतबाहेर. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान थोडं कमी दाखवतं, त्यामुळे आकड्यांपेक्षा फरकाकडे बघायचं. आणि फरक तर ओरडून सांगत होता, की मागचे ब्रेक जवळजवळ बसून आहेत आणि पुढचे त्यांचंही काम ओढताहेत.

मागचे ब्रेक का बसलेत, हे शोधायला दोन आठवडे गेले. माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारी झडप) असतो, त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. सामान भरलं की गाडी खाली बसते, चॅसी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर कमी होतं, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरत नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका वर्कशॉपमधून सस्पेन्शन दोन इंच उचलून घेतलं होतं. तिथे या दांड्याला कुणी हातच लावला नव्हता. अंतर कायमचं दोन इंचांनी वाढलं, आणि गाडी कितीही भरा, व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. दोन वर्षं माझं कुटुंब त्या गाडीत फिरत होतं. त्याचा राग मला आजही आहे. लिफ्ट किट बसवून देणाऱ्या प्रत्येकाने गाडी सोडण्यापूर्वी हा दांडा तपासायलाच हवा.

उपाय साधा निघाला. अ‍ॅक्सलच्या बाजूला तेवढ्याच उंचीचा ब्रॅकेट लावला आणि मॅन्युअलमधल्या मापाला दांडा जुळवला. काहीजण तो व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. ते धोक्याचं आहे. रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. ब्रॅकेट लावल्यावर मी मोकळ्या मुरमाड मैदानात, कमी वेगात, रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही वेळा चाचणी घेतली. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, तशी झाली.

ड्रम उघडले तर आत चिखलाची वाळलेली पूड. ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून जाम, त्यामुळे शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) ड्रमपासून लांब. ड्रम तापला की प्रसरण पावून आणखी लांब जातो, म्हणून पेडलचा प्रवास वाढतो. सगळं साफ केलं, अ‍ॅडजस्टर सोडवून शू जवळ आणले. एवढ्यानेच पेडल वर आलं. पाण्यातून आणि चिखलातून गाडी काढणाऱ्यांनी ड्रम वरचेवर उघडावेत.

डाव्या डिस्कचं कोडंही सुटलं. कॅलिपर ज्यावर सरकतो ती एक स्लायडर पिन अडकली होती. आतलं पॅड ३ मिलिमीटर उरलं होतं, बाहेरचं ८. पिन पॉलिश केली, रबरी बूट नवे घातले. इथे साधं ग्रीस वापरू नका, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं.

मग ऑइल. चार वर्षं बदललेलं नव्हतं, गढूळ तपकिरी झालं होतं. ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषत राहतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. मी डॉट ४ भरलं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलं. ऑइलच्या नळ्यांतली हवा काढायला भाऊ पेडलवर, मी खाली. "दाब... धर... सोड" असं दोन तास चाललं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून केली. माझ्या लोड व्हॉल्व्हलाही हवा काढायचा वेगळा निपल होता, तो विसरलो असतो तर हवा आतच राहिली असती. वरची टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. आणि भावाला पेडल तळापर्यंत दाबू दिलं नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमधला न वापरलेला भाग गंजट असतो, तिथे सील फाटू शकतं. रबरी होज जुने होऊन फुगत होते. तेही बदलले, लिफ्टच्या हिशेबाने लांब घेतले.

पॅड निवडताना एक गोष्ट शिकलो. पुष्कळ पॅडच्या काठावर दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझी जुनी पॅड एफई होती, म्हणजे तापल्यावर पकड घटणारी. नवी एफएफ घेतली. ही चाचणी प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये, पण दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर मी ते पॅड घाटासाठी घेणार नाही. डिस्क साध्याच, व्हेंटिलेटेड ठेवल्या. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण जड गाडीत भोकांच्या कडेला तडे जाण्याची भीती असते.

नवी पॅड बसवून लगेच घाटात जायचं नसतं. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा गाडी आणली. मग दहा मिनिटं ब्रेकला न शिवता चालवली. तापलेली पॅड दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी बसतो आणि पुढे गाडी थरथरते.

टायरचं मात्र मी काही केलं नाही. ३० इंचांऐवजी ३२ इंचांचे टायर घातल्याने त्याच ब्रेकची रस्त्यावरची ताकद सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. चिखलात मला ते हवेत, म्हणून ही उणीव मी माहीत असून ठेवली आहे.

उतरण्याची पद्धतही बदलली. पाय पेडलवर ठेवून रखडत नाही. वेग वाढला की जोरात दाबून कमी करतो आणि पूर्ण सोडतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू गिअर) फक्त कच्च्या, घसरत्या वाटेवर. माझ्यासारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर ते घातलं तर पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्समिशनवर ताण येतो.

गेल्या महिन्यात तोच घाट, तेवढंच सामान, तेच चौघं. त्या रुंद जागेवर थांबलो नाही. खाली आल्यावर सपाट रस्त्याला दोन किलोमीटर ब्रेक न लावता चालवली, मग थांबून मोजलं. पुढच्या डिस्क २८५ आणि २६०, ड्रम १७० च्या आसपास. वीस मिनिटं दर थोड्या वेळाने पेडल दाबून पाहिलं. उंची तीच. डावी बाजू अजून पंचवीस अंशांनी जास्त तापते आहे, त्या कॅलिपरचा पिस्टन या रविवारी उघडायचा आहे.