जपून राहायचं म्हणजे नेमकं कोणी?

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे ज्याचा कोणाचा फोन यायचा तो ठेवताना एकच सांगायचा, नानांना जपा बरं का, त्यांना घराबाहेर सोडू नका. नाना म्हणजे माझे सासरे, तेव्हा ७१ वर्षांचे, रिटायर्ड शाळामास्तर, आणि किडन्या निकामी म्हणून मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. आता यांना घराबाहेर सोडायचं नाही म्हणजे काय करायचं सांगा. दोन वाऱ्या चुकल्या की अंगात पाणी साचतं, धाप लागते, पोटॅशियम वाढतं आणि मग कोरोनाची वाट बघायचीही गरज राहत नाही. सगळा देश २५ मार्चला घरात बसला आणि आमचे नाना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, एसी हॉलमध्ये आणखी अकरा जणांसोबत. तेही सगळे त्यांच्यासारखेच, कुणाला शुगर, कुणाचं हार्ट, कुणी ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टमध्ये.

तर ‘जपा’ हे सांगणं कायम आजारी माणसाकडे बोट दाखवून असायचं, तुम्ही जाऊ नका, तुम्ही भेटू नका, तुम्ही लग्नाला येऊ नका. आणि सांगणारा स्वतः मास्क हनुवटीवर लावून सोसायटीच्या गेटवर गप्पा हाणत उभा. माझं डोकं तेव्हापासून फिरलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हीही येडेच होतो. भाजी सोड्याच्या पाण्यात, दुधाच्या पिशवीला साबण, पेपर बंद, लिफ्टचं बटण टूथपिकने. आणि नानांच्या खोलीची खिडकी मात्र बंद, कारण ‘बाहेरचं इन्फेक्शन नको’! जागतिक आरोग्य संघटनाच तेव्हा मार्चमध्ये सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही, तर आमची काय कथा. नंतर हळूहळू सगळ्यांनाच मान्य करावं लागलं की बंद खोलीतली हवा हाच मोठा घोळ आहे, पिशव्या घासून फारसं काही साधत नाही. मग खिडकी उघडली, टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवला म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल, आणि नाना चिडले कारण डास येतात. डास परवडले म्हटलं. जाळी बसवून घ्यायला माणूस मिळायला तीन महिने गेले.

डायलिसिसच्या सेंटरात मात्र मला एक गोष्ट बघायला मिळाली जी मी आधी वर्षभर तिथे बसून कधी नीट बघितलीच नव्हती. कोपऱ्यात दोन मशीन वेगळी असतात, त्यावर पाटी असते, ती हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ झालेल्यांची. त्यांचं मशीन वेगळं, त्यांच्याकडे बघणारी सिस्टरही शक्यतो वेगळी. दोन पेशंटच्या मध्ये ग्लोव्ह्ज बदलायचे म्हणजे बदलायचेच, मशीन पुसायचं, डिसइन्फेक्ट करायचं. आणि प्रत्येक नवीन पेशंटला हेपॅटायटिस बीची लस, तीसुद्धा आपल्याला देतात त्याच्या दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम, चार वेळा, शून्य, एक, दोन आणि सहाव्या महिन्यात. दुप्पट का, तर किडनी गेलेल्या माणसाचं शरीर लशीला आपल्यासारखं जोरात उत्तर देत नाही. म्हणून नंतर रक्त तपासून टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघतात, १० च्या वर आला का, नाही आला तर परत डोस. नानांचा पहिल्या फेरीत आलाच नव्हता, परत सगळी सिरीज करावी लागली, तेव्हा मी हॉस्पिटल पैसे काढतंय असं समजून भांडले होते. (सॉरी सिस्टर.)

हे सांगायचं कारण असं की कोरोनाची लस यायच्या आधीच आमच्या घरात हे माहीत होतं की लस म्हणजे सगळ्यांना सारखी चिलखतं वाटणं नव्हे. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याच अंगावर ती सगळ्यात कमी लागू पडू शकते. मग त्याला वाचवायचं कसं, तर त्याच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची आणि त्याच्यापर्यंत इन्फेक्शन पोचूच द्यायचं नाही. गावाभोवती तटबंदी असते ना तसं, राजवाडा काही एकटा लढत नाही.

पण सरकारी यादी वयाने चालली. म्हणजे ते चूक होतं असं नाही, लस कमी, माणसं अफाट, मरणारे जास्त म्हातारे, मग आधी त्यांनाच. १६ जानेवारी २०२१ ला डॉक्टर-नर्स लोकांपासून सुरू झालं आणि १ मार्चला ६० च्या वरचे आणि ४५ च्या वरचे आजारी लोक. आम्ही राहतो पुण्यात हडपसरला, कोव्हिशील्ड बनते ती सीरमची फॅक्टरी इथून हाकेच्या अंतरावर, वारा आला तर लस अंगावर पडावी असं आम्ही चेष्टेत म्हणायचो, आणि सरकारच्या कोविन पोर्टलवर लशीचा स्लॉट काही मिळेना. ओटीपी यायचा तोपर्यंत पेज लटकायचं. शेवटी १० मार्चला बुधवारी, म्हणजे डायलिसिस नसलेल्या दिवशी, एका खाजगी हॉस्पिटलात नंबर लागला, २५० रुपये.

तिथे एक सीन झाला. सिस्टर घाईत, रांग मोठी, तिने नानांची डावी बाही वर केली आणि सुई घेऊन आलीच. नानांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, डायलिसिससाठी शीर धमनीला जोडलेली असते ती, त्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा लावू देत नाहीत. नाना एकदम शाळेतल्या आवाजात ओरडले, “अहो बाई, हा हात नाही!” अख्खी रांग गप्प. ती बिचारी घाबरली, तिने हात लावून बघितला तर फिस्टुलावर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते हाताला, ती म्हणाली, “आजोबा, हे काय आहे?” मग नानांनी तिला पाच मिनिटं शिकवणी दिली, मागचे लोक ताटकळत. उजव्या हाताला टोचलं. बाहेर अर्धा तास बसवलं तेव्हा नाना म्हणाले, आज काय तारीख आहे माहितीये का, १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या पेशंटची सेवा करताना, इथेच हडपसरला त्यांच्या मुलाचा, यशवंतरावांचा दवाखाना होता. मला माहीत नव्हतं. मी इथे वीस वर्ष राहतेय.

नवऱ्याचं वय ४६, त्याला १ एप्रिलनंतर मिळाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या आधारवर ४७ होतं पण त्यांच्याकडे बटणाचा फोन, म्हणून त्यांचं रजिस्ट्रेशन माझ्या नंबरवर केलं, तर त्यांच्या दोन जावा आणि एक शेजारीण पण आल्या आणि मग कळलं की एका नंबरवर चारच जण होतात. मावशींना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला कशाला, मी धडधाकट आहे. मी म्हटलं मावशी तुमच्यासाठी आणि नानांसाठी पण. त्या म्हणाल्या, “मग माझ्या सासूला कोण बघतंय, तिलाबी दमा हाय.” तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की मावशींच्या घरी पण एक नाना आहेत, आणि इन्फेक्शन आमच्याकडून त्यांच्याकडे पण जाऊ शकतं. सोसायटीत मात्र नियम एकाच बाजूचा, मावशींचं टेम्परेचर गेटवर घ्यायचं आणि गोव्याहून आलेल्या बी विंगवाल्यांचं नाही.

आणि मी? माझं वय ४३. नानांना उठवणारी, गाडीत बसवणारी, फिस्टुलाची पट्टी काढणारी, पथ्याचं करून भरवणारी मी, आणि मी यादीत कुठेच नाही, कारण मला ना वय ना आजार. जो माणूस आजारी माणसाला दिवसातून वीसदा हात लावतो त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

एप्रिलच्या मध्यात मीच पॉझिटिव्ह आले. कुठून आलं ते अजून माहीत नाही. ती दुसरी लाट म्हणजे काय होतं ते इथे परत लिहीत नाही, बेड आणि ऑक्सिजन आणि रेमडेसिविरचे मेसेज सगळ्यांच्याच फोनमध्ये होते. मी १७ दिवस बाल्कनीच्या खोलीत, जेवण दाराबाहेर स्टुलावर, मी खोकले की पलीकडून नानांचा आवाज, “ऑक्सिजन किती?” मी आत ऑक्सिमीटर लावून आकडा ओरडायचे. ९५. ९४. ९६. नानांचा टेस्ट निगेटिव्ह, पण घरात पेशंट म्हणून सेंटरने त्यांना शेवटच्या शिफ्टला टाकलं, रात्री नऊ ते एक, बाकीचे सगळे गेल्यावर. मला आधी राग आला, मग कळलं की हे बरोबर आहे, त्या अकरा जणांना नानांपासून जपणं हेही तेच काम आहे. नवरा एन-९५ घालून, चारही काचा खाली, नाना मागच्या सीटवर शाल गुंडाळून. हडपसरच्या गाडीतळ चौकात पोलिसांनी रात्री एकला अडवलं तर नानांनी काचेतून पट्टी बांधलेला हात बाहेर काढला, पोलीस म्हणाला जा जा आजोबा.

नानांना कोरोना झाला नाही. लशीचा एक डोस, खिडकी, मास्क की नशीब, यातलं काय कामी आलं ते मी सांगू शकत नाही. शेजारच्या खाटेवरचे काका मात्र एका शनिवारी आले नाहीत. नाना आणि ते दोघं रेडिओवरच्या बातम्यांवरून चार-चार तास भांडायचे. मंगळवारी त्या खाटेवर दुसरं कोणीतरी होतं. नाना त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

पुढचं भराभर सांगते. नानांचा दुसरा डोस ५ मेला, तेव्हा लशीचा इतका खडखडाट होता की पुढच्याच आठवड्यात राज्याने १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरणच थांबवलं आणि आहे तो साठा ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसला वळवला, जे मला तरी पटलं. मला तर आजार होऊन गेल्यामुळे तीन महिने थांबायचं होतं, मग ऑगस्टमध्ये पहिला आणि ८४ दिवसांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दुसरा. चिरंजीव पंधरा वर्षांचे, त्यांचं जानेवारी २०२२ मध्ये कोव्हॅक्सिन. म्हणजे नानांभोवतीची तटबंदी पूर्ण व्हायला पहिल्या डोसापासून जवळजवळ वर्ष गेलं, तोवर लाट येऊन गेली होती. नानांना फेब्रुवारीत प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा, त्या वेळी सिस्टरने आधी विचारलं, कुठला हात? नाना खूश.

आता कोरोना म्हटलं की लोक हसतात. आमच्या दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये मास्कचा बॉक्स अजून आहे, दरवर्षी आम्ही सगळे फ्लूचं इंजेक्शन घेतो, नानांचं न्यूमोनियाचं पण झालं. नातेवाईकांना हे अति वाटतं. पण परवा एक गंमत झाली. नानांची धाकटी बहीण, सासवडच्या आत्याबाई, भाऊबीजेला येणार होत्या, त्यांनी सकाळीच फोन केला, “अगं, मला कालपासून सर्दी आहे, घसा पण धरलाय, मी आठ दिवसांनी येते हो, दादाला सांग.” कोणीही न सांगता. मी फोन ठेवला आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले.

नाना मात्र दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी आत्याबाईंचा मुलगा दाराबाहेर डबा ठेवून, बेल मारून गेला. उघडला तर चिरोटे आणि खाली कागदात चिवडा. मी मिठाचा म्हणून चिवडा लपवला, नानांना चिरोटे दिले. त्यांनी डबा उलटा करून बघितला आणि म्हणाले, “तिने चिवडा दिला नाही असं होणारच नाही.”