सोलापूरहून औंध : श्री भवानी वस्तुसंग्रहालयाची भेट

सोलापुरातील आम्ही काही चित्रकला शिक्षक गेल्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय पाहून आलो. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, वडूज असा रस्ता धरला तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे भल्या पहाटे निघावे. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली की वाटेत जेवणासाठी वेळ मोडत नाही, आणि हा वाचलेला वेळ पुढे फार उपयोगी पडतो, कारण ही चित्रे दिवसाउजेडीच पाहायला हवीत.

यमाई देवीच्या डोंगरउतारावरील ही वास्तू औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारली, आणि दालनांत नैसर्गिक प्रकाश खेळावा याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष दिले. ते स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका रंगवली आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर पुस्तकही लिहिले. त्यामुळे या संग्रहात राजेशाही हौसेपेक्षा जाणत्या चित्रकाराची निवड अधिक दिसते.

राजा रविवर्मा यांच्या ‘सैरंध्री’समोर आम्ही बराच वेळ थांबलो. अज्ञातवासात सैरंध्री नावाने विराटाची राणी सुदेष्णा हिची दासी झालेली आणि राणीच्या आज्ञेवरून तिचा भाऊ कीचक याच्याकडे जावे लागणारी द्रौपदी हा या चित्राचा विषय. प्रसंग ठाऊक असलेल्या माणसाला तिचे अवघडलेपण पाहताक्षणी कळते. चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रे, पहाडी शैलीची लघुचित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम हे सारे आहेच, पण हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प चुकवू नये. त्यात दागिना नाही, वस्त्राची चुणी नाही. दगडाचा भरीवपणा आणि दोन देहांची जवळीक एवढ्यावरच ते उभे आहे.

पाश्चात्त्य चित्रांच्या व शिल्पांच्या प्रतिकृतींपुढून मात्र पुष्कळ लोक ‘नक्कलच ती’ म्हणून पुढे सरकतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. सोलापूरच्या सीमेला लागून असलेला आटपाडीचा भाग तेव्हा याच संस्थानात होता. तिथल्या दुष्काळी गावातील मुलाला इटलीतील मूर्ती प्रत्यक्ष पाहायला मिळणे शक्य नव्हते. तिचा घाट, तिचे प्रमाण त्याला निदान प्रतिकृतीतून तरी कळावे, यात मोठी दूरदृष्टी होती. याच बाळासाहेबांनी १९३९ मध्ये संविधान लागू करून राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेच्या हाती सोपवला, हे लक्षात घेतले की प्रजेला कलेचे शिक्षण मिळावे ही त्यांची तळमळ अधिक स्पष्ट होते.

संग्रहालय आता राज्य शासनाकडे आहे. सोमवार टाळावा आणि सणासुदीच्या सुट्टीत निघण्यापूर्वी चौकशी करावी. आम्हाला आत छायाचित्रे काढू दिली नाहीत; विद्यार्थ्यांना नेणार असाल तर वही आणि पेन्सिल देऊन प्रत्येकाला एकच कलाकृती रेखाटायला सांगावी. किमान तीन तास हाताशी ठेवावेत. एसटीने येणाऱ्यांनी सातारा किंवा वडूज गाठून पुढची गाडी पकडावी, आणि परतीचा प्रवास रात्री नको असेल तर मुक्काम साताऱ्यात करावा. डोंगरमाथ्यावरील मूळपीठ यमाईचे दर्शन संग्रहालय पाहून झाल्यावरच घ्यावे. आधी चढून गेल्यास दालनांत उभे राहायला पायांत बळ उरत नाही.