आम्हा दोघांचे सख्य

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी आजी पहाटे जात्यावर बसे, तेव्हा तिच्या ओव्यांत वारंवार ‘सखा’ येई. तो कधी भाऊ असे, कधी आजोबा, कधी विठ्ठल. तो नेमका कोण, हे विचारावेसे आम्हा मुलांना कधी वाटले नाही. पुढे बेळगावात इंग्रजी शिकवताना त्या भाषेतल्या हजार वर्षांपूर्वीच्या कविता हाती आल्या आणि आजीचा तो शब्द मला नव्याने कळला.

१०व्या शतकात लिहिलेले ‘एक्सेटर बुक’ हे हस्तलिखित बिशप लिओफ्रिक यांनी इंग्लंडमधील एक्सेटरच्या कॅथेड्रलला दिले. लिओफ्रिक १०७२ साली वारले, ग्रंथ मात्र आजही तेथेच आहे. त्यातली ५३ ओळींची एक कविता ‘द वाइफ्स लॅमेंट’ या नावाने ओळखली जाते, जरी हे नाव पुढच्या काळातील संपादकांनी दिलेले आहे. पतीपासून दुरावलेल्या आणि ओकच्या झाडाखालच्या भुयारात राहणे भाग पडलेल्या स्त्रीचा हा विलाप आहे. बोलणारी स्त्रीच आहे हे कशावरून, असे एका कन्नड भाषक विद्यार्थिनीने विचारले होते. ‘मी गाते’ म्हणताच मराठीत जे उघड होते, ते कन्नडच्या प्रथमपुरुषी क्रियापदात दिसत नाही, त्यामुळे तिचा प्रश्न रास्तच होता. या कवितेत ते पहिल्या दोन ओळींतील विशेषणांच्या स्त्रीलिंगी प्रत्ययांवरून कळते.

ही स्त्री आपल्या पतीला ‘फ्रेओन्द’ म्हणते. आजच्या इंग्रजीतला ‘फ्रेंड’ तो हाच. पण मुळात तो ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला आहे आणि आपल्या ‘प्रिय’ शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे. दांपत्यप्रेमाला ती ‘फ्रेओन्दशिपे’ म्हणते आणि त्याला ‘उन्केर’ हे खास दोघांपुरते सर्वनाम जोडते, जे संस्कृतातील द्विवचनाप्रमाणेच पुढे लोकव्यवहारातून गेले.

याच ग्रंथातील ‘द वाँडरर’ मध्ये एकाकी भटकणारा सेवक स्वप्नात आपल्या धन्याला मिठी मारतो, त्याचे चुंबन घेतो, त्याच्या गुडघ्यावर डोके टेकवतो. जाग येते तेव्हा समोर थंडगार लाटांत न्हाणारे समुद्रपक्षी आणि गारांसह पडणारे बर्फ एवढेच असते. ही निष्ठा, मैत्री की प्रेम, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो, कारण असे कप्पे त्या कवीच्या भाषेत नव्हते.

त्या स्त्रीच्या ‘फ्रेओन्दशिपे उन्केर’चा अनुवाद करताना मी ‘मैत्री’ लिहून पाहिले, मग ‘प्रेम’. दोन्ही खोडले आणि ‘आम्हा दोघांचे सख्य’ असे लिहिले. त्या विलापातील सर्वांत हळवी ओळही पहाटेचीच आहे: जगात सखे आहेत, एकमेकांना प्रिय, ते अजून अंथरुणात आहेत आणि मी पहाटे एकटीच या झाडाखाली फिरते आहे. ती वहीत उतरवताना मला जात्याची घरघर ऐकू येत होती.